सभा कोणाची वाट पाहते?



तळेघरच्या परिसरात राहणाऱ्या आपणा भाविकांच्या कानावर 'सभा' हा शब्द दोन दिशांनी येतो. एक ग्रामसभा आणि दुसरी ख्रिस्तसभा. पहिलीचे आपण गावकरी म्हणून सदस्य आहोत, दुसरीचे बाप्तिस्म्यामुळे. पहिलीत पाणी, रस्ता, घरकुल, वनहक्क यांची चर्चा होते. दुसरीत प्रभूचे वचन ऐकले जाते आणि प्रभूचे भोजन वाटले जाते. या दोन सभांचा एकमेकींशी काही संबंध नाही असे आपण सहसा धरून चालतो. आज थोडे थांबून या दोघींमधल्या समान शब्दाचा विचार करू या. एका सभेत आपण काय शिकलो हे दुसऱ्या सभेतल्या आपल्या वागण्यावरून कळते, असे आम्हाला वाटते.

शब्दाची कुळकथा

ख्रिस्तसभेसाठी नव्या करारात मूळ ग्रीक शब्द आहे 'एक्लेसिया'. त्याचा अर्थ बोलावून जमवलेली सभा. गोव्याकडचे भाविक चर्चला 'इगर्ज' म्हणतात, तोही याच शब्दाचा पोर्तुगीज भाषेतून फिरून आलेला अवतार. मात्र हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. येशूच्या जन्मापूर्वी कित्येक शतके अथेन्स नगरातील नागरिकांच्या सभेला हेच नाव होते.

त्या सभेलाही माणसे जमवणे सोपे नसे. बाजारात रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेल्या दोराने सभेकडे रेटत, असा उल्लेख इसवी सनापूर्वी ४२५ च्या एका ग्रीक विनोदी नाटकात येतो. पुढे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सने सभेला येणाऱ्यांना भत्ता देणे सुरू केले. हातावर पोट असलेल्याला त्यामुळे दिवस मोडून सभेला येणे थोडे सोपे झाले. स्त्रिया, गुलाम आणि परके यांना मात्र त्या सभेत जागाच नव्हती.

म्हणजे सभेला न येणाऱ्यांचे तीन प्रकार तेव्हाही होते आणि आजही आहेत. काहींना यायचे मन नसते. काहींना येणे परवडत नाही. आणि काहींना कोणी बोलावतच नाही. येशूच्या शिष्यांनी अथेन्सचा शब्द उचलला, पण दार रुंद केले. ज्यांना त्या जुन्या सभेत उभेही राहता येत नव्हते, त्या स्त्रिया, गुलाम आणि परके या नव्या सभेचे सभासद झाले. म्हणून 'ख्रिस्तसभा' या नावातच एक प्रश्न दडलेला आहे. सभा भरली खरी, पण कोणावाचून भरली?

कागदावरची हजेरी

हा प्रश्न आपल्या गावात घेऊन येऊ. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांसाठी पेसा कायदा आला. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिमेकडचा डोंगरी पट्टा या क्षेत्रात मोडतो. या कायद्याने गावाची व्याख्याच बदलली. आपले व्यवहार आपल्या चालीरीतींप्रमाणे चालवणारी वस्ती किंवा वाडीसुद्धा गाव ठरू शकते, आणि तिची स्वतःची ग्रामसभा असू शकते. त्यानंतर २००६ चा वनहक्क कायदा आला. या कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते.

आपल्या भागात या गोष्टींना किती वजन आहे हे वेगळे सांगायला नको. इथल्या घरांचा रोख पैसा हिरड्याच्या झाडावर अवलंबून असतो. भीमाशंकरचे जंगल १९८५ साली अभयारण्य झाले. डिंभे धरणाच्या पाण्याखाली लोकांची शेते आणि घरे गेली. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला, १५१ माणसे गेली, आणि वाचलेल्यांचे नवे गाव आमडे येथे २०१७ साली उभे राहिले. जंगलात कोणी जायचे, पाणी कोणाच्या शेतावरून न्यायचे, घरे कोठे बांधायची, असले प्रश्न ज्या भागात जगण्यामरण्याचे असतात, तिथे सभेचा ठराव म्हणजे नुसता कागद नसतो.

कायद्याने सभेला किमान हजेरी ठरवून दिली आहे. तिला गणपूर्ती म्हणतात. महाराष्ट्रातील सर्वसाधारण ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि त्या तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट राहत नाही. वनहक्काच्या सभेसाठी नियम अधिक कडक आहे. २०१२ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. प्रश्न जितका मोलाचा, तितकी जास्त माणसे समोर हवीत, हे शहाणपण त्या नियमात आहे.

पण नियम आकडा मागतो, आणि आकडा कागदावर भरता येतो. 'सभा झाली, तुम्ही फक्त इथे सही करा,' हे वाक्य अनेक गावांना परिचयाचे आहे. सही करणाऱ्याला त्यात फारसे वावगे वाटत नाही. आपलाच माणूस वही घेऊन आलेला असतो, त्याला नाही कसे म्हणायचे? कोणाचे नुकसान तरी कुठे होते?

आम्हाला वाटते, इथे आठवी आज्ञा आठवली पाहिजे. खोटी साक्ष देऊ नये असे ती सांगते. हजेरीच्या वहीतील सही ही साक्षच आहे. 'मी तिथे होतो, मी हे ऐकले, हे माझ्यासमोर ठरले,' एवढे सगळे त्या एका सहीत किंवा अंगठ्यात येते. मी तिथे नसताना ती केली, तर मी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष दिलेली असते. कारण उद्या कोणी वाडीवरची म्हातारी म्हणाली, 'हे आम्हाला कोणी विचारलेच नाही,' तर तिच्या तोंडावर तीच वही धरली जाईल, आणि तीत माझी सही तिच्या विरुद्ध बोलेल.

हजर असणे पुरेसे आहे का?

मग प्रत्यक्ष जाऊन बसले की झाले का? याचे उत्तर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात मोठ्या गमतीने मिळते. इफिस नगरात देवीच्या चांदीच्या प्रतिकृती करणाऱ्या कारागिरांनी पौलाविरुद्ध लोकांना भडकवले. सारे नगर नाट्यगृहात लोटले. कोणी एक ओरडत होता, कोणी दुसरेच, आणि बहुतेकांना आपण कशासाठी जमलो आहोत हेच ठाऊक नव्हते, असे संत लूक लिहितो. दोन तास घोषणा चालल्या. शेवटी नगराच्या चिटणिसाने सर्वांना शांत केले, तक्रार असेल तर ती रीतसर सभेत मांडा असे सांगितले आणि लोकांना घरी पाठवले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या गोंधळी जमावालाही संत लूकने 'एक्लेसिया' हाच शब्द वापरला आहे. गणपूर्ती भरपूर होती. उत्साहही कमी नव्हता. पण आपण का जमलो हे कळल्याशिवाय जमलेली माणसे सभा होत नाहीत, ती गर्दी राहते.

याच्या उलट चित्र नहेम्याच्या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात आहे. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेममध्ये पाणीवेशीपुढच्या चौकात जमले. स्त्रिया, पुरुष आणि ज्यांना ऐकून समजत होते ते सगळे तिथे होते. नियमशास्त्र वाचून दाखवा अशी मागणी लोकांनीच एज्राकडे केली होती. त्याने पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन केले. लेवी लोक गर्दीत फिरून वाचलेल्याचा अर्थ समजावून सांगत होते. आणि शेवटी लोकांना सांगण्यात आले, की घरी जाऊन गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटा पाठवा. सभा उठली, पण तिचा वाटा जिच्या घरी चूल पेटली नव्हती तिच्यापर्यंत पोहोचला.

एकमेकांची वाट पाहा

आता संत पौलाकडे वळू. करिंथच्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ११ व्या अध्यायात, त्याने एक कठोर गोष्ट सांगितली आहे. तुमच्या एकत्र येण्याने तुमचे भले होण्याऐवजी नुकसानच होते, असे तो त्यांना बजावतो. ज्या सभेत प्रभुभोजन होते तिच्याबद्दल हे बोलणे आहे! काय घडत होते तिथे? ज्यांच्याकडे होते ते आपापले जेवण आधीच उरकून घेत. एक जण उपाशी राही, तर दुसरा पिऊन तर्र होई. मालकाच्या कामातून उशिरा सुटणाऱ्या गुलामाच्या आणि मजुराच्या वाट्याला रिकामी भांडी येत असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. यावर संत पौलाने सांगितलेला उपाय एका वाक्यात मावतो. जेवायला एकत्र याल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

बंधुभगिनींनो, आमच्या मते सभेबद्दल नव्या करारात याहून सोपी आणि याहून अवघड आज्ञा नाही. कायदा विचारतो, 'किती जण आले?' शुभवर्तमान विचारते, 'तुम्ही कोणाची वाट पाहिली?'

आपल्या भागात हे किती खरे आहे ते पाहा. आवणी आणि बेणणीच्या दिवसांत अख्खे घर भातखाचरात वाकलेले असते. भातकापणी झाली की तरुण जोडपी नारायणगाव-मंचरच्या बाजूला मजुरीला जातात. १५ ऑगस्टच्या सुमारास आपल्या डोंगरात पाऊस असा काही कोसळत असतो, की लांबच्या वाडीवरून चालत येणे म्हाताऱ्याला जमत नाही. अशा वेळी सभा बोलावली आणि 'लोकांना रसच नाही' असे म्हटले, तर तो लोकांवर अन्याय होतो. जो आला नाही त्याला दोष देण्याआधी, ज्याने बोलावले त्याने स्वतःला विचारावे, की मी कोणती वेळ निवडली? निरोप वाडीपर्यंत गेला का? विषय लोकांना समजेल अशा भाषेत सांगितला का?

आलेल्यांमध्येही सगळे सारखे नसतात. संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग रंगवला आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा मिळते, आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला 'तू तिकडे उभा राहा' असे सांगितले जाते. आपल्याकडे कोणाला उभे राहा असे सांगत नसतील, पण कोण पुढे खुर्चीवर बसते, कोण दाराशी, आणि कोणाचे बोलणे मध्येच तोडले जाते, हे पाहणाऱ्याला दिसते. पुरुषांसमोर बाया मोकळेपणाने बोलत नाहीत, हे ओळखूनच महाराष्ट्राच्या कायद्याने ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायला सांगितले आहे. गप्प बसलेला माणूस 'हो'च म्हणतो असे नाही. कधी तो घाबरलेला असतो, कधी देणेकरी असतो, कधी त्याला विषयच समजलेला नसतो. त्याचे मौन संमती म्हणून लिहून घेणे सोयीचे असेल, पण ते खरे नसते.

पण असे केले तर काम कधी व्हायचे?

हा आक्षेप रास्त आहे. सगळ्यांची वाट पाहत बसलो तर नळ दुरुस्त व्हायचा नाही आणि नाताळचा कार्यक्रमही ठरायचा नाही. चार कार्यकर्ते धावपळ करतात म्हणून गावे आणि चर्च चालतात. त्यांच्या श्रमांचा मान राखला पाहिजे. शिवाय दोघे-तिघे जमले तरी प्रभू तिथे असतो, हे त्याचेच वचन आहे ना?

प्रभूचे ते वचन मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात त्याच्या थोडे आधी काय आहे? नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जाणारा मेंढपाळ! म्हणजे दोघा-तिघांना दिलेले ते आश्वासन 'बाकीचे नाही आले तरी चालेल' असे सांगत नाही. न आलेल्या एकाची ज्यांना काळजी आहे, त्या दोघा-तिघांत प्रभू असतो.

आणि सगळेच प्रश्न सारखे नसतात. नळाची तोटी चौघांनी ठरवली तर बिघडत नाही. पण ज्या निर्णयाने कोणाची जमीन, पाणी, जंगल किंवा अब्रू जाऊ शकते, त्यात घाई करायची नसते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाने अनेक वर्षे बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली आहे. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. तिथे अभ्यासगट आधी माहिती गोळा करतात, मग सभा ठरवते. या रीतीने काम अडून राहिले नाही. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा-लेखा होते. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होऊ घातली होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. त्याच वर्षी १२ गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. त्या डोंगरावरच्या लहान लहान पाड्यांची वाट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला पाहावीशी वाटली. मग आपल्या वरच्या वाडीची वाट आपण पाहायला काय हरकत आहे?

आरंभीच्या ख्रिस्तसभेलाही हा धडा तक्रारीतूनच मिळाला. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरबुर झाली. बारा प्रेषितांनी ती दाबली नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले आणि तुम्हीच सात माणसे निवडा असे सांगितले. जे सात निवडले गेले त्यांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती वाटप गेले.

आपली रविवारची सभा

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. भाविकांनी उपासनेत पूर्णपणे, समजून आणि सक्रिय भाग घ्यावा असे त्यात सांगितले आहे. मूक प्रेक्षक होऊन मिस्सेला बसणे हे परिषदेला मान्य नव्हते. अलीकडे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात धर्मसभेची, म्हणजे सिनडची, मोठी वाटचाल घडवली. ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनात कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि प्रापंचिक एकाच गोल टेबलाभोवती बसले, आणि स्त्रियांना प्रथमच मतदानाचा हक्क मिळाला. तिथली रीत शिकण्याजोगी आहे. आधी प्रत्येकाने आपापले बोलायचे. मग काही क्षण शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचे पुन्हा न सांगता, दुसऱ्याच्या बोलण्यातले काय मनाला भिडले ते सांगायचे. या रीतीत मोठा आवाज आपोआप लहान होतो आणि लहान आवाजाला जागा मिळते.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी प्रभूघरी गेले. त्यांनी लावलेली ही सवय मात्र प्रत्येक धर्मग्रामात, लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत आणि ग्रामसभेतही नेता येईल. त्यासाठी मोठी योजना लागत नाही. बैठकीचा विषय आठवडाभर आधी मिस्सेनंतर सांगावा आणि जे मिस्सेला आले नाहीत त्यांच्या घरी निरोप द्यावा. न बसलेल्या सभेच्या वहीत सही करू नये, आणि दुसऱ्याला ती करायला लावू नये. सभा उठण्यापूर्वी लिहिलेला ठराव मोठ्याने वाचून घ्यावा. आणि जो अजून बोललेला नाही त्याच्याकडे वळून विचारावे, 'दादा, तुम्हाला काय वाटते?', 'मावशी, तुमचे काय म्हणणे आहे?' नंतर उत्तर यायला थोडा वेळ द्यावा.

आज मिस्सेसाठी जमलेलो असताना आपण आजूबाजूला पाहू या. नेहमी दिसणारा कोणता चेहरा आज दिसत नाही? कोणी आजारी असेल, कोणी मजुरीला गेले असेल, कोणी रुसलेही असेल. त्यांच्यापैकी एकाच्या घरी या आठवड्यात आपण जाऊ या आणि इथे काय वाचले, काय ठरले ते सांगू या. आपली वाट पाहिली जाते आहे, हे त्या घराला कळू द्या.

जो प्रभू आपणा सर्वांची वाट पाहतो, तो आपल्याला एकमेकांची वाट पाहायला शिकवो.